सतरा आकडी संख्या आणि देवळालीचे गुरुजी

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या वाचकांनी क्षणभर नीट न्याहाळावी. एकापासून एकेक पायरी चढत ती नवापर्यंत जाते आणि त्याच पायऱ्यांनी पुन्हा एकापर्यंत खाली उतरते. डावीकडून वाचा अथवा उजवीकडून वाचा, ती तीच राहते. तिचे आकडे सतरा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) एक, दश, शत, सहस्र अशी परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. त्या क्रमाने गेल्यास या संख्येचा पहिला आकडा सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ नावाच्या स्थानी बसतो. वर केवळ परार्ध उरतो.

एवढी मोठी संख्या व्यापाऱ्याच्या वहीत येत नाही की सरकारी दप्तरात. तरीही तिचे घर आपल्यापासून दूर नाही. ज्या संख्याकुळात ती मोडते, त्या कुळाला नाव देणारे गृहस्थ नाशिकजवळच्या देवळालीत, म्हणजे आपल्याच धर्मप्रांताच्या परिसरात, बत्तीस वर्षे शाळामास्तर होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. त्यांच्या गणिताचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू. दुसरा हेतू थोडा अधिक गंभीर आहे. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही ‘शुभ अंक’, ‘भाग्यांक’, मोटारीचा लाभदायक क्रमांक, नावाच्या स्पेलिंगात वाढविलेले एखादे अक्षर अशा गोष्टींनी शिरकाव केला आहे. संख्येपुढे माणसाने कोणत्या वृत्तीने उभे राहावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ पंडितांचा राहिलेला नाही. तो आपल्या घरांचा झाला आहे.

खानदेशातील जुना वारसा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. पण तापीकाठचा हा सारा मुलूख पूर्वापार खानदेशच. या खानदेशाला गणिताचा वारसा आहे, हे आपण सहसा विसरतो. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. शके ११२८, म्हणजे इ.स. १२०६-०७ या सुमाराचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांनी तेथे मठ स्थापन केला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दाने दिली, अशी हकिगत त्या लेखात कोरलेली आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आजोबांनी बीजगणित, अंकगणित व ग्रहगणित लिहिले; नातू राजाचा ज्योतिषी. गणित आणि फलज्योतिष ही दोन्ही एकाच अंगणात वाढली. युरोपातही तसेच होते. लॅटिन भाषेत ‘मॅथेमॅटिकस’ हा शब्द दीर्घकाळ कुंडली मांडणाऱ्यालाच लावीत. जुन्या ख्रिस्ती लेखकांनी ‘गणिती’ लोकांवर केलेली टीका वाचताना हा अर्थ ध्यानात ठेवला नाही, तर ख्रिस्तसभा गणिताच्या विरोधात होती असा गैरसमज होतो. विरोध होता तो भविष्यकथनाला.

डहाणूचा मुलगा, देवळालीचा मास्तर

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई निवर्तली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. म्हणजे आकड्यांची पहिली ओळख या मुलाला भविष्याच्या अंगानेच झाली. पुढे ठाण्यात शालेय शिक्षण आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात उच्च शिक्षण झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली पदवी घेतल्यावर १९३० मध्ये ते देवळालीच्या शाळेत रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील जागा नाही, मार्गदर्शक नाही. जवळ होते ते कागद, पेन्सिल आणि फावला वेळ. आपले शोध ते लहानसहान नियतकालिकांत आणि खासगीरीत्या छापलेल्या पुस्तिकांत प्रसिद्ध करीत. बरेच भारतीय गणिती त्यांना गंभीरपणे घेत नसत. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. त्या वेळी गुरुजी सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीतच त्यांनी देह ठेवला.

आता मूळ संख्येकडे वळू. मुंबईपासून तीस मैलांवर, जी. आय. पी. रेल्वेवर तेव्हा ‘डेमलो’ म्हणून ओळखले जाणारे स्थानक होते. आजचे ते डोंबिवली. तेथे कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांना त्यांनी ‘डेमलो संख्या’ म्हटले. ११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ येतात. असे करीत नऊ वेळा एक लिहिलेल्या संख्येला, म्हणजे १११११११११ ला, तिनेच गुणले की आपली सतरा आकडी संख्या तयार होते. कारण सोपे आहे. गुणाकार पाटीवर मांडला की एकांच्या नऊ ओळी पडतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली असते. उभी बेरीज करताना पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या घरात नऊ एक येतात आणि मग ते कमी होत जातात. कोठेही हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून जिना अभंग राहतो.

दहा एकांना दहा एकांनी गुणले की मधल्या घरात दहा येतात, हातचा घ्यावा लागतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. चढत्या बाजूचा आठ नाहीसा झालेला दिसेल. जिना मोडला, असे वाटते. पण याच उत्तराचे दोन भाग करा: डावीकडे १२३४५६७९०, उजवीकडे ९८७६५४३२१. दोहोंची बेरीज ११११११११११, म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला तीच! ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन तुकडे करून बेरीज केल्यास मूळ संख्या परत मिळते, तिला आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. लहान उदाहरण ४५ चे. ४५ चा वर्ग २०२५. आणि २० व २५ मिळून पुन्हा ४५. ख्रिस्तसभेने जुबिली वर्ष म्हणून पाळलेले २०२५ हे साल या कुळातले आहे.

हर्ष देणाऱ्या संख्या

ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे सुंदर नाव दिले. आपल्या सतरा आकडी संख्येच्या आकड्यांची बेरीज ८१ होते. ८१ ने भागले तर १५२४१५७८९९७१०४१ हा पूर्ण भागाकार येतो आणि तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग आहे. या १२३४५६७९ मध्येही आठ नाही, आणि तिला नवाने गुणले की एकांची नऊ आकडी माळ मिळते. जुन्या शाळांतून गुणाकार तपासण्यासाठी ‘नवाचा ताळा’ शिकवीत. दहाला नवाने भागले असता बाकी एक उरते. म्हणून कोणत्याही संख्येची नवाने भागून येणारी बाकी आणि तिच्या आकड्यांच्या बेरजेची बाकी एकच असते. कापरेकरांच्या पुष्कळ नवलांच्या मुळाशी हा आजोबांच्या काळचा ताळा आहे.

त्यांनी देवळालीलाही गणितात अमर केले. एखाद्या संख्येत तिचेच आकडे मिळवले की नवी संख्या जन्मते: १५, अधिक १, अधिक ५, म्हणजे २१. पण २० ही संख्या अशा रीतीने कोणापासूनच जन्मत नाही. अशा ‘आईबाप नसलेल्या’ संख्यांना त्यांनी ‘देवळाली संख्या’ म्हटले.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध ६१७४ या संख्येचा. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत तो त्यांनी मांडला आणि १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तो छापला गेला. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, मात्र चारही आकडे एकच नसावेत. आकडे उतरत्या क्रमाने लिहून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लिहून लहान करा. मोठीतून लहान वजा करा. उत्तर तीन आकडी आल्यास पुढे शून्य लिहा. त्या उत्तरावर पुन्हा हीच कृती करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग ती हलत नाही. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरतात. गुरुजींचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहा: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात पायऱ्या. शिवाय ६१७४ च्या आकड्यांची बेरीज १८. तिने भागले तर ३४३, म्हणजे ७ चा घन. तीही हर्षद आहे.

योगायोग की संकेत?

आता जुबिलीचे २०२५ साल घेऊ. वजाबाक्यांची उत्तरे अशी येतात: ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. तिसऱ्या पायरीवर १९९८ आहे, आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या स्थापनेचे वर्ष! जुबिली वर्षाच्या पोटात आपला जिल्हा दडलेला होता, असे एखाद्याने व्यासपीठावरून सांगितले तर कितीतरी श्रद्धाळू माना डोलतील. अंकशास्त्राच्या नावाने चालणारा व्यवसाय नेमका या क्षणावर जगतो. आकडा जुळतो, अंगावर काटा येतो आणि माणूस पुढचा प्रश्न विचारायचे विसरतो.

कापरेकरांचे गणित तो पुढचा प्रश्न विचारायला शिकविते. पहिल्या वजाबाकीत होते काय? सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन आकड्यांतील फरकाची ९० पट यांची बेरीज, एवढेच उत्तर असते. पहिला फरक एक ते नऊ यांपैकी काहीही असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. असे सारे प्रकार मोजले तर ते अवघे ५४ भरतात. म्हणजे आरंभीच्या ८९९१ संख्या एकाच वजाबाकीत ५४ संख्यांवर येऊन पडतात, आणि त्या साऱ्या नवाच्या पटीतल्या. १९९८ ही त्या ५४ पैकी एक आहे. २०२५ तिच्यावरून गेले यात संकेत कसलाच नाही. अरुंद पुलावरून सारे गाव जाते, तेव्हा ओळखीचा माणूस भेटल्याचे नवल कसले? पाच आकडी संख्यांवर हीच कृती केली तर सर्वांना गाठणारी एकच स्थिर संख्या मिळतच नाही. ६१७४ च्या ठायी काही गूढ शक्ती असती, तर ती चार घरांपुरतीच का चालावी?

कारण कळल्याने नवल ओसरते का? मला तसे वाटत नाही. जिना का अभंग राहतो हे समजल्यावर ती सतरा आकडी संख्या अधिकच देखणी दिसते. संकेत शोधणारा संख्येकडे स्वतःसाठी काहीतरी मागायला जातो. ती ‘माझ्याविषयी’ काय सांगते एवढेच त्याला हवे असते. कापरेकरांना संख्येकडून काहीच नको होते. म्हणूनच संख्येने त्यांना आपले अंतरंग दाखविले असावे.

‘क्षुल्लक’ म्हणणाऱ्यांना उत्तर

एक प्रामाणिक आक्षेप मात्र विचारात घेतला पाहिजे. केंब्रिजचे थोर गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मपर ग्रंथात अशा अंकगमतींना कोड्यांच्या सदराची जागा दिली. खऱ्या गणित्याला त्यांत काही मोलाचे सापडत नाही, असा त्यांचा अभिप्राय. रामानुजनांची पारख करणाऱ्या माणसाचे हे मत सहज बाजूला सारता येत नाही. त्यात तथ्यही आहे. आपण दहाच्या पटीने मोजतो म्हणून या गमती अशा दिसतात. माणसाला आठ बोटे असती तर त्या निराळ्या झाल्या असत्या.

पण काळाने या मताला थोडी मुरड घातली. कूपर व केनेडी या गणित्यांनी १९९३ साली सिद्ध केले की लागोपाठच्या एकवीस संख्या कधीही सगळ्या हर्षद असू शकत नाहीत. वीस मात्र असू शकतात. त्यांनी घडवलेल्या त्या वीस संख्या एवढ्या प्रचंड आहेत की एकावर ४४ अब्ज ३६ कोटी ३३ लाख ४२ हजार ७८६ शून्ये दिली तरी त्या त्याहून मोठ्याच. २००० साली डग्लस इयानुच्ची यांनी दाखवून दिले की कापरेकर संख्यांचे सारे रहस्य नऊ, नव्व्याण्णव, नऊशे नव्व्याण्णव अशा संख्यांच्या विभाजकांत आहे. शाळामास्तरांच्या ‘खेळा’खाली पक्की जमीन होती.

एकशे त्रेपन्न मासे

हार्डींनी उदाहरणादाखल दिलेल्या संख्यांत १५३ ही होती. वाचकांना ती ओळखीची आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभूच्या शब्दावरून शिष्य जाळे टाकतात आणि त्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे सापडतात. १५३ च्या आकड्यांचे घन १, १२५ आणि २७. त्यांची बेरीज पुन्हा १५३. एवढेच नव्हे, तर तिनाने भाग जाणारी कोणतीही संख्या घेऊन आकड्यांच्या घनांची बेरीज करीत गेले की शेवटी १५३ च हाती येते. प्रेषितांची संख्या बारा घ्या: ९, ७२९, १०८०, ५१३, १५३. आणि १५३ ला तिच्या आकड्यांच्या बेरजेने, म्हणजे ९ ने, भागले की १७, तीही हर्षद.

संत ऑगस्टीन यांनी या माशांवर प्रवचन करताना दाखविले की एकपासून सतरापर्यंतच्या संख्यांची बेरीज १५३ होते. आणि सतरा म्हणजे दहा आज्ञा व पवित्र आत्म्याची सात दाने. हेही अंकशास्त्रच नव्हे काय, असे कोणी विचारील. फरक आहे, आणि तो मोठा आहे. ऑगस्टीन यांनी संख्येवरून कोणाचे भाग्य सांगितले नाही. आज्ञा व कृपा यांविषयीचा जो विश्वास ख्रिस्तसभेपाशी आधीच होता, तो श्रोत्यांच्या स्मरणात राहावा म्हणून संख्येचा दृष्टान्त केला. तारुण्यात ते स्वतः ज्योतिषांच्या नादी लागले होते. त्यातून ते बाहेर कसे आले ते त्यांनी ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात सांगितले आहे. त्यांच्या फर्मिनस नावाच्या परिचिताचा जन्म झाला त्याच घटकेला दुसऱ्या घरी एका दासीलाही मूल झाले. कुंडली एकच, पण एक मुलगा ऐश्वर्यात वाढला आणि दुसरा दास्यातच राहिला. त्या दोन मुलांनी ऑगस्टीन यांच्या मनातील ज्योतिषाचा उरलासुरला आधार काढून घेतला.

परमेश्वराने सृष्टीची मांडणी माप, संख्या आणि वजन यांनी केली, हा विचार पवित्र शास्त्रातील ‘ज्ञानग्रंथा’च्या अकराव्या अध्यायात येतो. संख्या ही निर्मितीचा भाग आहे. ती निर्माता नाही. तिच्याकडे आदराने पाहावे, तिची रचना समजून घ्यावी. पण तिच्यापुढे गुडघे टेकू नयेत. ज्या घरात मुलीचे लग्न एका आकड्यावरून अडते, त्या घराने संख्येला तिची नसलेली सत्ता बहाल केलेली असते. आणि त्याच घरातील मुलगा गणिताच्या पेपराच्या भीतीने शाळा सोडतो, तेव्हा संख्येने देऊ केलेला खरा आनंद मात्र त्या घराने गमावलेला असतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, आश्रमशाळांतून शिकणाऱ्या आपल्या मुलांना घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी, असा दुहेरी डोंगर चढावा लागतो. कापरेकरांच्या गणिताला महागडी पुस्तके लागत नाहीत की शिकवणी वर्ग लागत नाही. वजाबाकी येत असली की पुरे. रविवारच्या धर्मशिक्षणानंतर दहा मिनिटे काढून मुलांना आपापले जन्मवर्ष पाटीवर मांडू द्यावे आणि ६१७४ पर्यंत चालू द्यावे. कोणाला तीन पायऱ्या लागतील, कोणाला सात. पाड्यावरचा मुलगा असो वा शहरातला, सगळी एकाच संख्येपाशी येऊन थांबतील. मग त्यांना ‘असे का?’ एवढाच प्रश्न विचारावा, आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.